दुखणं माहेरचं की सासरचं

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे मिरजेत निदान झाले. तिचे सासर विट्याचे. नवऱ्याचे कोइमतूरला गलाईचे, म्हणजे सोने गाळून शुद्ध करण्याचे दुकान आहे आणि लग्नापासून ती तिकडेच राहते. पुतणीच्या लग्नाला विट्याला आली असताना तिचा उजवा पाय बधिर झाला. चार दिवसांनी एका डोळ्याने धूसर दिसू लागले.

या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावरच हल्ला करते. असे का होते, हे पक्के कुणाला ठाऊक नाही. आमच्या घरात मात्र आठवड्याभरात दोन कारणे पक्की झाली.

आमचे माहेरघर तासगावजवळ, द्राक्षबागेत. आई मुलीला भेटायला विट्याला गेली आणि चहा यायच्या आत म्हणाली, "विहीणबाई, तुमच्या त्या गलाईतल्या ॲसिडच्या धुरानं केलं हे."

"आवं, दुकानात ती पाऊल सुदिक टाकत न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या बागंतली फवारणी बगा की. त्या वासातच वाढली पोरगी."

"वास मी बी घेतला जलमभर. मला का न्हाई झालं?"

"तुमाला कसं हुईल? दुखण्याला बी आपला जीव प्यारा असतोय."

एका मुद्द्यावर दोघींचे एकमत होते. तिला कोइमतूरला परत पाठवायचे नाही. आईला ती तासगावात हवी होती, सासूबाईंना विट्यात. बहिणीला स्वतःच्या घरी जायचे होते. तिकडे मुलगी दहावीला होती आणि परीक्षा जवळ आली होती.

"तुमचं मिटेपर्यंत मला विटा-तासगाव एस्टीत बसवा," ती पलंगावरून म्हणाली. "दोघींच्या वाटणीला निम्मी निम्मी येईन."

मी बरीच वर्षे वर्तमानपत्रात गुन्हेवार्ता केली. वाद असला की पुरावा गोळा करायचा, एवढे मला येते. या आजाराचे रुग्ण कुठे जास्त, हे तासगाव आणि विट्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारले. मेढ्याला ना गलाई ना द्राक्षबागा; तिथे मावशी असते, तिच्यामार्फत तिथेही चौकशी केली. असा रुग्ण कुणालाच आठवेना. मिरजेत मात्र मेंदूविकारतज्ज्ञांच्या दवाखान्याबाहेर एकाच बाकावर दोन भेटले. मी वहीत लिहिले: मिरजेत प्रमाण जास्त.

पुढच्या तपासणीला आई आणि सासूबाई, दोघीही आल्या. मी डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी ती नीट वाचली.

"बाकावरच्या दोघांना गाव विचारलंत?"

मी विचारले नव्हते.

"एक बाई पाटणच्या, एक गृहस्थ जतचे. दादा, तुम्ही पोलीस ठाण्यात बसून लिहिताय की सगळे गुन्हे पोलीस ठाण्यातच होतात."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. आईने माझ्याकडे पाहिले नाही.

डॉक्टरांनी मग सांगितले ते असे. विषुववृत्तापासून दूरच्या देशांत हा आजार अधिक आढळतो. काही देशांत एकाच देशाच्या दोन टोकांतही फरक दिसतो. लहानपण कुठे गेले याचाही संबंध असावा, असे मानतात. आपल्याकडचा नकाशा अपुरा आहे. जिथे एमआरआयचे यंत्र आणि तज्ज्ञ, तिथे ठिपके जास्त. धूर किंवा फवारणी यांपैकी एकाने हिला हे झाले, असे ते सांगू शकत नव्हते.

"म्हंजी दोगी बी सुटलो म्हणा," सासूबाई म्हणाल्या.

"तुमी सुटला. माझं काय?" बहीण म्हणाली. "डॉक्टर, मी कोइमतूरला जाऊ का नको?"

"तिथं मेंदूचे डॉक्टर आहेत?"

"आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर."

"विट्यात?"

"त्यासाठी हितं मिरजेलाच यावं लागतंय," सासूबाई म्हणाल्या.

"मग जा. औषध चुकवायचं नाही, भर उन्हात फिरायचं नाही, नवीन काही जाणवलं तर त्याच दिवशी दाखवायचं."

परतीच्या गाडीत, कवलापूर मागे पडल्यावर आई म्हणाली, "विहीणबाई, तिकडं भाकरीचं पीठ मिळतंय का वो?"

"मिळतंय. पण आपल्यावानी न्हाई."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बहीण नवऱ्याबरोबर मिरजेहून रेल्वेने गेली. सामानात ज्वारीच्या पिठाचे दोन डबे होते, एक तासगावचा आणि एक विट्याचा. मुलगी दहावी पास झाली. गेल्या महिन्यात कोइमतूरला काढलेल्या एमआरआयमध्ये मेंदूत नवा डाग दिसला नाही.