ब्रिगेडियर गावितांनी परत केलेली कोंबडी

जव्हारला आमच्या शेजारी ब्रिगेडियर देवराम गावित राहतात. लहानपणीच साताऱ्याच्या सैनिक शाळेत गेले, ते निवृत्त होऊनच परत आले. म्हातारपणी निवांत नागली पेरीन, म्हणत होते. कसली नागली! सीमेवर जरा खुट्ट झालं की वृत्तवाहिन्यांचे चर्चेसाठी फोन सुरू. वर कोट, खाली लुंगी अशा थाटात साहेब मोबाइलसमोर बसणार, आणि दोन वाक्यं बोलतात न बोलतात तोच पलीकडून कोणीतरी ओरडणार.

"साहेब, आता कशाला या लष्कराच्या भाकऱ्या?" मी एकदा म्हटलं.

"मास्तर, ही गेल्यापासून घरात माझ्याशी बोलतं कोण?" ते म्हणाले.

यंदा उन्हाळ्यात सीमेवर तोफा धडधडू लागल्या. साहेब पडद्यावर बोलून गेले, "काही जवान गमवावे लागतील. देशाने तयारी ठेवावी."

दुसऱ्याच दिवशी खोडाळ्याकडच्या पाड्यावरून मंगळी नावाची बाई जीपने आली. तिचा मुलगा नीलेश फौजेत, तिकडेच सीमेवर. त्याचा फोन लागत नव्हता. तिने साहेबांच्या ओट्यावर तांदूळ ठेवले, कोंबडी ठेवली.

"साहेब, तू टीव्हीत सांगतोस ना? माझा नीलेश येल का नाय, तेवढा सांग."

साहेब ओशाळले. "अगं बाई, हे कशाला? मी काही घेत नाही," म्हणत त्यांनी कोंबडी तिच्या हातात परत दिली. मंगळीने तिथेच हंबरडा फोडला.

साहेबांना काही कळेना. मला कळलं, आणि त्यांचा रागच आला. मंगळीच्या पाड्यावर कौल सांगणाऱ्या भगताने कोंबडी ठेवून घेतली तर आशा असते. परत केली तर सगळं संपलं. इथल्याच मातीतला माणूस, एवढंही विसरला! मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं.

ते मंगळीकडे वळले, तिच्याकडून कोंबडी मागून घेतली आणि म्हणाले, "येईल. तुझा नीलेश येईल."

मंगळीने डोळे पुसले, हात जोडले आणि परतीची जीप पकडायला गेली. तिला खरोखरच धीर आला होता.

संध्याकाळी वाहिनीचा फोन आला. साहेब कोट घालून बसले होते, पण त्यांनी फोन उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला.

"अख्ख्या नोकरीत कुठल्याच आईला असा शब्द दिला नव्हता, मास्तर," ते म्हणाले. फार थकलेले दिसत होते. "आता तिचं पोर परत येईपर्यंत 'काही जवान' हे कुठल्या तोंडाने म्हणू?"