तळ्याखालची दुसरी रेघ

राज्यांची पुनर्रचना झाली आणि सरकारी कचेऱ्यांबरोबर तुमच्या आजोबांची बदली नागपूरहून भोपाळला झाली. युद्धाच्या काळात मी नौदलाच्या महिला विभागात प्लॉटर होते. एको साउंडरच्या रोलवरून समुद्रतळाच्या खोल्या वाचून चार्टवर शाईने भरणे, हे माझे काम. स्वातंत्र्याच्या सुमारास तो विभाग बंद झाला, तेव्हा हे काम संपले असे मी धरून चालले होते.

नव्या राजधानीला पाणी हवे होते. भोपाळच्या मोठ्या तळ्यात पंपहाऊसचा पाया कुठे घालायचा हे ठरवायला नौदलाची एक छोटी सर्व्हे पार्टी आली. तिचे प्रमुख लेफ्टनंट देसाई, त्यांना प्लॉटर हवा होता. मी सिव्हिलियन म्हणून पुन्हा रुजू झाले. किनाऱ्यावर तंबू, त्यात माझे टेबल आणि वायरलेस सेट.

एको साउंडर पाण्यात आवाज सोडतो. तो तळावर आपटून परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून सुई कागदावर तळाची रेघ काढते. तळ चिखलाचा असला तर रेघ फिकट आणि जाड उमटते. खडक असला तर ती काळी, बारीक येते, आणि तोच आवाज वर-खाली दोनदा फिरल्यामुळे बरोबर दुप्पट खोलीवर दुसरी फिकट रेघ दिसते. ती प्लॉट करायची नाही, असे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवले जाई. पुढे पुढे ती डोळ्यांना दिसेनाशीच होई.

पार्टीचा डायव्हर होता लीडिंग सीमन धाकू तांडेल. वेंगुर्ल्याचा. त्या सकाळी तो तंबूत चहा प्यायला आला.

"वहिनीनू, ह्या तळ्याक भरती नाय, ओटी नाय. वरणात उतरल्यासारखा वाटता."

"मग मीठ घालून घ्या," मी म्हटले.

"मीठ आमच्या अंगाक आसा मां!"

लेफ्टनंट देसाईंनी बाहेरून हाक मारली, "तांडेल, वरण नंतर. लाँचवर चल."

लाँचने त्याआधीच एक लाइन, म्हणजे सरळ रेषेत खोल्या मोजणारी फेरी, घेतली होती. देसाईंनी तिथल्या तिथे रोल वाचला. काळी रेघ, खाली दुसरी फिकट. खडक. जागा पायाला उत्तम. तळावर चालून खात्री करायला तांडेलला उतरवायचे ठरले. रोल माझ्याकडे पाठवून लाँच तांडेलला घेऊन परत गेली.

मी डिव्हायडर लावला. पहिली रेघ बावीस फुटांवर. दुसरी चव्वेचाळीसवर हवी, आणि बहुतेक ठिकाणी तशीच होती. एका अरुंद पट्ट्यात मात्र ती तुटून साठाच्या खाली गेली होती. मी पुन्हा मोजले. तो दुसरा एको नव्हता, तो तळ होता. आवाज खाली जाताना पसरतो, म्हणून वरची रेघ फक्त काठाची होती. खाली बुडालेली विहीर होती.

एव्हाना तांडेल शिशाचे बूट घालून तिच्या काठाने चालत होता. हेल्मेटमधली हवा हाताने फिरवायच्या पंपातून जाते. डायव्हर एकदम खोल पडला तर पंपाचा दाब पुरा पडत नाही, आणि पाणी त्याला चिरडते.

मी वायरलेसवर बोलले, "लाँच, धिस इज शोअर. सेकंड एको दुप्पट नाही. तिथे विहीर आहे. डायव्हरला थांबवा. ओव्हर."

"शोअर, से अगेन."

"तिथे विहीर आहे! त्याला वर घ्या! ओव्हर."

"रॉजर. वेट." मग देसाईंचा आवाज, माझ्याशी नव्हे: "ओढ त्याला! ओढ!" आणि मग, अगदी हळू, "शोअर... दोरी खाली धावतेय."

सेट चालू राहिला. पंपाचा खडखडाट ऐकू येत होता.

लाँच किनाऱ्याला लागली तेव्हा तांडेल आडवा होता. हेल्मेट अजून काढले नव्हते. देसाई पुढे आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. "काचेतून बघू नका. ऑर्डर आहे." मी बघितले नाही. त्यांच्या मागे दोन खलाशी अजून पंप फिरवत होते. "स्टॉप पंपिंग," देसाई म्हणाले. खलाशी थांबले नाहीत. देसाईंनी तिसऱ्यांदा सांगितल्यावर एकाने हात सोडला. दुसरा एकटाच फिरवत राहिला.

तंबूत परतल्यावर मी त्या लाइनच्या उरलेल्या खोल्या भरल्या. अक्षर नेहमीसारखेच आले. याचा धक्का मला आजही बसतो.

पंपहाऊस दुसरीकडे झाले. तुमची आई त्याच पाण्यावर वाढली. चार्टवर त्या जागी मी एक वर्तुळ काढून खोली लिहिली. नियमाप्रमाणे तिथे माणसाचे नाव घालता येत नव्हते. म्हणून ते तुम्हाला लिहून पाठवते: लीडिंग सीमन धाकू तांडेल, वेंगुर्ले.