सफरचंदाचा रस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. रवीने शेवटचा फोन मला केला होता.

येलहंकात आमच्या घराजवळ एक हॉटेल स्वतःची बिअर बनवतं. तिथून शिजत्या जवाचा गोडसर वास आला, की मी बेल्जियममधल्या त्या खेड्यात जातो. ऑफिसच्या कामाला गेलो होतो, आणि सुट्टीच्या दिवशी एका कुटुंबाची छोटी ब्रुअरी बघायला गेलो. मालकाने दुपारी जेवायलाच बसवलं. आमच्यासाठी बिअर ओतण्याआधी त्याने धाकट्या भावाच्या पेल्यात सफरचंदाचा रस ओतला.

"हा फार प्यायचा. आता सोडलीय. पण जव नीट शिजला का, ते अजून ह्याच्याच नाकाला कळतं. घालवू कसा ह्याला?"

"घालवून बघ," भाऊ हसला, "बिअर तुझ्यासारखी आंबट होईल!"

मीही हसलो. तेवढ्यात रवीचा, माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. दारूपायी मीच त्याला घराबाहेर काढलं होतं.

"अण्णा, स्वल्प दिवस घरी येऊ का? एकट्याने सुटत नाही रे."

"आधी सोड, मग ये," मी म्हणालो, आणि माझा बिअरचा पेला उचलला.

महिन्याभरात रवी गेला. आमची थोरली अक्का अजून म्हणते, "एकदा हाक मारली असती, तर धावलो नसतो का आपण?" मी नुसती मान हलवतो.

त्याने हाक मारली होती, हे अक्काला सांगणं माझ्याकडे बाकी आहे.