फळ्यावरचा प्रश्न

शाळेतून निवृत्त झाल्यापासून चौकातल्या फळ्यावर रोज सकाळी सुविचार मी लिहिते. परवा तिथे कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं, 'नगरसेवकाने टाकीचं सिमेंट चोरलं.' तेवढ्यात नगरसेवकाचा माणूस आला. "बाई, पुरावा आहे का?"

नव्हता. मी ओल्या फडक्याने ते वाक्य पुसलं. तो खूश झाला. मग मी तिथेच लिहिलं, 'नवी टाकी का गळते?'

"हाही आरोपच झाला!"

"हा प्रश्न आहे. उत्तर आणा, तेही मीच लिहीन, वळणदार अक्षरात."

आरोप करणाऱ्याने पुरावा द्यावा, हे मला मान्यच आहे. पण नुसतं विचारायलाही पुरावा लागणार असेल, तर माणसाने तोंड उघडायचं ते फक्त जेवायला का? आणि अफवांच्या हातात खडू कोण देतं? उत्तर न देणारेच.

आज फळाच जागेवर नव्हता. भिंतीवर त्याचा फिकट चौकोन तेवढा उरला होता. दूधवाल्या तात्यांनी त्यासमोर सायकल थांबवली आणि रोजच्यासारखं मोठ्याने वाचलं, "नवी टाकी का गळते?"