मानेवरचा नंबर

कोल्हापुरात माणसाची ओळख पेठेवरून लागते, तालमीवरून लागते, नाहीतर तो कुणाचा पावणा यावरून लागते. रुद्राप्पांच्या लेखी ही सगळी कच्ची ओळख. त्यांना माणूस कळतो तो त्याच्या गाडीच्या नंबरावरून. तोही पाटीवरचा नंबर नव्हे. पाटी काय, आज आहे उद्या बदलेल. कारखान्यात लोखंडावर ठोकलेला इंजिनाचा आणि फ्रेमचा नंबर, तो खरा. लग्नाच्या पंगतीत कुणी येऊन पाया पडलं, तर रुद्राप्पा त्याच्या तोंडाकडे बघत नुसतेच हसतात आणि मग एकदम म्हणतात, "अडतीस नव्वद बारा! लाल गाडी! काय म्हंतोय बाबा तुझा?"

चाळीस वर्षं आरटीओ ऑफिसच्या भिंतीला लागून, चिंचेखाली, एका लाकडी स्टुलावर त्यांचं बस्तान आहे. काम एकच. गाडीच्या नंबरावर पातळ कागद ठेवायचा, वरून पेन्सिल आडवी फिरवायची आणि उमटलेला छाप अर्जाला चिकटवून द्यायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण हात जड पडला तर कागद फाटतो, हलका पडला तर आठाचं शून्य दिसतं. रुद्राप्पा छाप घेताना श्वास धरतात. बघणाराही धरतो.

दुचाकीचा फ्रेम नंबर असतो हँडलखाली, मानेवर. त्यामुळे चारचौघांची नजर हेडलाइटवर जाते, तर रुद्राप्पांची मानेवर. शिवलीलाकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, अजून सांगतात, "मला बघायला आलंते, तवाबी चेहरा सोडून मानंकडंच बघालते. आमच्या आव्वाला वाटलं, पोरगं लाजतंय."

आता फोनवर फोटो काढून अर्ज भरायचे दिवस आले. शेजारच्या टपरीतला एजंट धैर्यशील लॅपटॉप घेऊन बसतो आणि दिवसातून दोनदा तरी विचारतो, "मामा, पेन्सिल संपली की न्हाय अजून?"

"पेन्सिल हाय, टोकबी हाय. टोचून बघू का?" रुद्राप्पा म्हणतात.

तर अशा एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, टेंपोतून एक जावा मोटारसायकल उतरली. दोन सायलेन्सरची, साठ वर्षांची. सोबत कबनूरच्या रत्नाबाई, वय शहात्तर, पांढरं पातळ, हातात गाडीच्या नोंदणीचं जुनं पुस्तक छातीशी धरलेलं. आणि त्यांचा नातू अनेकांत, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला, म्हणून अर्ध्या दिवसाच्या रजेवर आणि पूर्ण दिवसाच्या वैतागात.

गाडी रत्नाबाईंच्या मालकांची, जयपालआण्णांची. आण्णा जाऊन तीन वर्षं झाली. पन्नास वर्षांच्या वरच्या गाडीला जुनी गाडी म्हणून मानाची नोंदणी मिळते, असं रत्नाबाईंनी कुठंतरी ऐकलं आणि धोशा लावला. महिन्यापूर्वी एकदा तपासणी झाली होती. इंजिनावरचा नंबर स्वच्छ होता, पुस्तकाशी जुळत होता. पण इंजिन काय, कुठल्याही गाडीचं काढून कुठंही बसवता येतं. जुन्या जावाला दोन्हीकडं एकच नंबर ठोकलेला असायचा; फ्रेमवरही तोच पाहिजे, तरच जोडी अस्सल. आणि मानेवर नंबरच दिसत नव्हता. तपासणीच्या मॅडमनी एक तारीख वाढवून दिली होती. ती आजची. आज नंबर दिसला नाही तर अर्ज बाद, आणि गाडी भंगारात. भंगारवाल्याला अनेकांतनं फोनही करून ठेवला होता.

रुद्राप्पांनी मान बघितली. लोखंड कुठं दिसेना. नुसता रंग. थरावर थर, थरावर थर, बोट लावलं तर गुबगुबीत लागावं इतका.

"आक्का, हे काय केलंय?"

"आमच्या ह्यांचं लाड!" रत्नाबाई म्हणाल्या. "बेंदराला बैलांची शिंगं रंगवायची, आन उरलेला रंग खंडेनवमीला गाडीला. दरसाल. एक वरीस चुकवलं न्हाय."

म्हणजे ज्या गाडीवर जीव होता, तिचा नंबर त्या जिवानंच गाडला होता. शत्रूला जमलं नसतं असं काम.

धैर्यशील टपरीतून आला. "पावणं, कशाला घोळ घालताय? पुस्तकात नंबर हाय न्हवं? माझ्या वळखीचा एक हाय. रंग घासायचा, नवा नंबर ठोकायचा. धा मिनटाचं काम."

अनेकांतचे डोळे चमकले. रुद्राप्पांचेही, पण वेगळ्या कारणानं.

"मागनं ठोकलेला नंबर म्हंजे पोराला दुसऱ्याच्या बापाचं नाव," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत खोटा छाप घेतला न्हाय. नंबर आत हाय. मी काढतो."

"आन न्हाय निघाला तर?" धैर्यशीलनं विचारलं.

"न्हाय निघाला, तर ही पेन्सिल तुला देतो, स्टूल मोडून चहाच्या चुलीत घालतो आन घरी जातो. निघाला तर?"

"निघाला तर तुमचं स्टूल डोक्यावर घिऊन ऑफिसला फेरी मारतो!" धैर्यशील जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला. कोल्हापुरात पैज हळू आवाजात लागत नाही. पाच मिनिटांत वीसेक माणसं गोळा झाली. त्यांतली निम्मी स्वतःचं काम विसरली.

रुद्राप्पा आत जाऊन मॅडमना घेऊन आले. "मॅडम, तुमच्या डोळ्यांदेखत काढतो. मागनं कुणी म्हणाय नको, म्हाताऱ्यानं कायतरी केलं."

मॅडम तरुण आणि कडक. "काका, मी बघते. पण सगळे सहा आकडे दिसले पाहिजेत. पाच नाही."

"सहाच की. पाच कोण मागालंय?"

कानस नाही, पॉलिश पेपर नाही, तारेचा ब्रश नाही. लोखंडाला लोखंड लावायचं नाही, हा रुद्राप्पांचा नियम. रंग काढायचं औषध बोळ्यानं लावायचं, तो फुगून आला की बांबूच्या चिपटीनं अलगद उचलायचा. एका वेळी एकच थर.

पहिला निघाला हिरवा. "ही शेवटली खंडेनवमी," रत्नाबाई म्हणाल्या. "हात थरथरायचा त्यांचा." बऱ्याच थरांखाली पिवळा. "तुझा जन्म रे, अनेकांत. गाडीवरनंच दवाखान्यात गेलतो." आणखी खाली निळा, त्याच्याही खाली जांभळा. "जांभळा कुणाला आवडलाता?" कुणीतरी विचारलं. "बैलाला," रत्नाबाई म्हणाल्या. मग तांबडा आणि तांबड्याखाली पांढरा. मटणाच्या रश्श्याच्या मुलखात जन्मभर शाकाहारी राहिलेल्या रुद्राप्पा आणि रत्नाबाईंनी तांबडा-पांढरा इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितला.

अनेकांत एव्हाना उकिडवा बसून बोळे भिजवून देत होता. घड्याळाकडे बघायचं त्यानं जांभळ्यापाशीच सोडलं होतं.

एक वाजता लोखंड दिसलं. मॅडम वाकल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच आकडे पुस्तकाशी जुळत होते. आणि सहाव्याच्या जागी एक तांबूस, खरबरीत ठिपका. करंगळीच्या नखाएवढा.

"गंज," धैर्यशील म्हणाला. "खाल्ला की वो आकडा."

मॅडमनी फोनचा कॅमेरा मोठा करून बघितलं. ठिपका मोठा झाला, इतकंच. रुद्राप्पांनी कागद ठेवला, श्वास धरला, पेन्सिल फिरवली. पाच आकडे उमटले. सहाव्या जागी नुसता करडा ढग. पुन्हा घेतला. पुन्हा ढग.

"काका..." मॅडम म्हणाल्या. रुद्राप्पांनी कानावरची दुसरी पेन्सिल काढून दोन्ही हातात धरल्या. द्यायच्या तर दोन्ही द्याव्यात, असा हिशेबी विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

"बगू," म्हणत रत्नाबाई पुढं झाल्या. चष्मा कपाळावर चढवला, ठिपक्याजवळ नाक नेलं. आणि शहात्तर वर्षांच्या बाई लाजल्या.

"गंज न्हवं त्यो," त्या म्हणाल्या. "कुंकू हाय."

"आँ?"

"गाडी आली त्या साली. पैली पूजा. हेडलाइटला लावाय गेलते, तर हे म्हणाले काच खराब हुईल. म्हणून ह्यांची पाठ फिरल्यावर चोरून मानंवर लावलं. तेलात कालवून, चांगलं दाबून. नव्या सुनंला लावतो तसं."

रुद्राप्पा ओरडले, "आरं, तेल आणा! खोबरेल!"

कँटीनमधून वाटी आली. बोळा भिजवला, ठिपक्यावर टेकवला, हलकेच फिरवला. बोळा लाल झाला. दुसराही झाला. तिसरा गुलाबी. आणि कुंकवाखालून सहावा आकडा असा निघाला, की जणू काल कारखान्यात ठोकलाय. बाकीचे पाच आकडे थोडे झिजले होते. ह्याची कड शाबूत होती. साठ वर्षं ओल लागू दिली नव्हती त्या चोरट्या बोटानं.

रुद्राप्पांनी कागद ठेवला. या वेळी वीस माणसांनी श्वास धरला. पेन्सिल एकदाच फिरली.

मॅडमनी छाप उजेडात धरला, पुस्तक बघितलं, इंजिन बघितलं. "सहाही. जोडी अस्सल," त्या म्हणाल्या आणि गाडीच्या टाकीवरच कागद ठेवून सही केली. आरोळी अशी उठली, की चिंचेवरचे कावळे उडाले. अनेकांतनं फोन काढला. "भंगारवाले ना? न्हाय, गाडी द्यायची न्हाय. कितीबी द्या, न्हाय."

रुद्राप्पांनी दुसरा एक छाप घेतला आणि रत्नाबाईंच्या हातात ठेवला. "हे तुमचं, आक्का. सहावा आकडा तुमी राखलाय."

मग त्यांनी स्टूल उचललं आणि अदबीनं धैर्यशीलपुढं धरलं.

"मामा, चेष्टा केलती वो..."

"आमी न्हाय केली," गर्दी म्हणाली.

धैर्यशीलनं स्टूल डोक्यावर घेतलं. कुणीतरी पत्र्याचा डबा वाजवायला घेतला. अनेकांतनं किक मारली. एक, दोन, आणि तिसरीला दोन्ही सायलेन्सर बोलले. रत्नाबाई मागं बसल्या, एक हात नातवाच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात छाप. पुढं स्टूल, मागं जावा, मधे कानावर पेन्सिल लावलेले रुद्राप्पा, अशी मिरवणूक निघाली.

खिडकीतून मॅडम ओरडल्या, "हॉर्न नको हं!" आणि मग जरा हळू, "काका, आमच्या बाबांची एक जुनी गाडी आहे घरी. तिचा नंबर..."

"रंग लावू नका!" रुद्राप्पा चालता चालताच म्हणाले. "उद्या घिऊन या."

पैज एकाच फेरीची होती. धैर्यशीलनं दुसऱ्या फेरीलाही स्टूल खाली ठेवलं नाही.