रिळाचा डबा

तपासून पाहिल्याशिवाय मी आयुष्यात कशावरही विश्वास ठेवला नाही. हे तत्त्व मी अनेकांना अभिमानाने ऐकवले आहे. ते पाळताना एकदा काय केले, हे मात्र आजवर कोणालाच सांगितले नाही — बायकोलाही नाही.

चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. पन्नास सालानंतरची गोष्ट. मी त्याच जिल्ह्यातल्या गडचिरोलीला मास्तर होतो. भागातल्या व्यापाऱ्यांसाठी आणि कारागिरांसाठी सरकारी परिसंवाद भरणार होता, त्याची फिल्मही निघणार होती. चिटणीस मी. आखणी कशी केली म्हणता? प्रश्न आधी ठरले. उत्तरे त्यांच्याही आधी. टोपल्या विणणाऱ्यांना कॅमेऱ्यासमोर बसवले, कारण ते दिसायला बरे. बोलायला उभे केले बांबूच्या ठेकेदाराला. पाहुण्यांनी कॅमेऱ्यासाठी उद्घाटनाची फीत तीनदा कापली, आणि दर वेळी मीच ती गाठ मारून पुन्हा बांधली. अशा सोहळ्यात संशय कोणाला येणार नाही?

कॅमेरा चालवायला चांद्याचे शंकरराव आले होते. नोकरी कच्ची; ही फिल्म चांगली निघाली तर पक्की होणार होती. हे त्यांनीच सांगितले — पहिल्या भेटीत, मी न विचारता. मला तेही संशयास्पद वाटले.

त्यात चामोर्शीचे धानाचे व्यापारी नामदेवभाऊ कानाशी लागले.

"मास्तर, त्या पेटीत काहीच नाई. हे आपल्याले उल्लू बनवून राह्यले."

"कशावरून?"

"अवो, सकाळपासून घरघर करून राह्यली ते. एक तरी फोटो बाहेर पडला काय?"

मी हसलो. शिकलेला ना मी! पण मनात आले — खरेच, काय पुरावा आहे?

परिसंवाद आटोपला. शंकररावांनी चिकटपट्टी लावलेला रिळाचा डबा माझ्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी आतली फिल्म मुंबईला धुवायला जायची होती. "कपाटात ठेवा भाऊ. इथी भरोशाचे तुमीच."

तो डबा मी — सांगतोच आता — सकाळी खिडकीशी उभा राहून उघडला. आतला काळा कागद सोडला. फिल्म हातभर ओढली, मग आणखी हातभर, अशी शेवटपर्यंत. उन्हात धरून पाहिली. एकही चित्र नाही! फसवणूक पकडल्याचा आनंद काय असतो, ते त्या दिवशी कळले. बोललो मात्र नाही. मुंबईहून निरोप आला की यांची फजिती आपोआप होईल, तेव्हा मजा पाहू, असा बेत. सगळे नीट गुंडाळून, चिकटपट्टी पुन्हा लावून, डबा मी शंकररावांना हसतमुखाने परत केला.

मुंबईहून निरोप आला: उजेड लागून सगळी फिल्म वाया गेली आहे. शंकररावांचे वरचे साहेब चौकशीला आले. तेव्हा मला समजले की धुतल्याशिवाय फिल्मवर काही दिसत नसते, आणि धुण्याआधी उजेड लागला तर पुढे कधीच दिसत नाही. शंकररावांना विचारले असते तर त्यांनी कौतुकाने समजावले असते. पण ज्याच्यावर संशय, त्यालाच कोण विचारतो?

साहेबांसमोर शंकररावांनी मलाच विचारले, "भाऊ, डब्याले कोनी हात तं नाई लावला?"

"नाही," मी म्हणालो.

ते साहेबांकडे वळले. "मंग माह्याच हातून काही झालं असंल, साहेब. मास्तर खोटं बोलनार नाईत."

मी तपासून पाहणारा माणूस. समोरच्याने मला न तपासता खरे मानले, आणि मी मान खाली घालून उभा राहिलो. भीती होती का? होती — नोकरीची थोडी, मूर्ख ठरण्याची जास्त. नंतर कितीदा तरी सांगता आले असते. नाही सांगितले.

शंकररावांना कामावरून काढले. त्यांनी चांद्याला फोटोचे दुकान टाकले. माझ्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले. सगळे स्वच्छ आले.