भिंतीकडे तोंड केलेला टोप

नाशिकहून निघताना सुमनने, म्हणजे माझ्या पत्नीने, पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या घातल्या, लाडवांचा डबा घातला आणि सगळ्यात खाली एक जुनी शाल घातली. ही शाल मला तरुणपणी मिळाली होती, पुरातून दोन मुलांना वाचवल्याबद्दल. वाचवले मी कुणालाच नव्हते. उलट वाचलेल्यांत माझाच नंबर पहिला होता.

"ही कशाला?" मी विचारले.

"ज्याची त्याला द्यायला. इतकी वर्षं कपाट अडवून बसलीय."

वाचकांना सगळे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाटेत मी फार भला दिसायला लागलो तर त्यांची फसगत होणार नाही. त्या काळी मी मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो आणि बदलापुरात मांजर्लीला भाड्याच्या खोलीत एकटा राहत होतो. शेजारी यमुनाबाईचा म्हशींचा गोठा. ती मूळची खरवईच्या अलीकडच्या एका वाडीची. तिच्या घरी बारसे होते म्हणून तिने वाडीतून गावकीचा (गावाने वर्गणी काढून घेतलेला, सगळ्यांच्या कार्याला वापरायचा) तांब्याचा टोप आणला होता. बारशाच्या दुसऱ्या दिवशी उल्हास नदी घरात आली. तान्ह्या पोरीला घेऊन तिचा नवरा आधीच उंचावर गेला होता. यमुनाबाईने दोन मुलगे टोपात बसवले आणि पाण्यात उतरली. मी माझ्या छपरावर बसून ओरडत होतो. मला पोहता येत नाही. तिने वाट वाकडी केली आणि मलाही टोपात घेतले. गळ्याएवढ्या पाण्यातून तिने आम्हा तिघांना ढकलत नेले. माझ्या हातात एक बांबू होता. तो तळाला पोहोचत नव्हता, पण हातात काहीतरी असावे म्हणून मी तो धरला होता.

नेमका तेव्हाच स्टुडिओवाल्या माझ्या मित्राने समोरच्या गच्चीवरून फोटो काढला. धुऊन झाल्यावर तो म्हणाला, "डावीकडची बाई कापली तर तू नावाडी दिसतोस." मी म्हणालो, "काप." पुढचे सगळे त्या एका शब्दातून झाले: वर्तमानपत्रातला फोटो, कारखान्यातला सत्कार, शाल. थोड्याच दिवसांत अंबरनाथच्या काही हौशी मंडळींनी परिसरातल्या जुन्या वस्तू आणि छायाचित्रांचा संग्रह सुरू केला. त्यांनी पुराची आठवण मागितली, तेव्हा तो कापलेला फोटो आणि पुरानंतर माझ्या ओसरीवर राहून गेलेला टोप मी 'घरचा' म्हणून देऊन टाकला.

यमुनाबाई टोप मागायला आली. आणून देतो म्हणालो. पुन्हा आली, पुन्हा तेच म्हणालो. मग माझी नाशिकला बदली झाली आणि ती मी बढती मिळाल्यासारखी स्वीकारली. गेल्या वर्षी एका लग्नात मांजर्लीचे जुने शेजारी भेटले. त्यांच्याकडून कळले की वाडीने यमुनाबाईला पुन्हा कधी भांडी दिली नाहीत. तिच्या पोरीच्या लग्नाला बाजारातून भाड्याने भांडी आणावी लागली, आणि अजूनही पंगतीत कुणीतरी विचारते, "यमुने, टोप पचला का?"

तो डाग पुसायला आम्ही निघालो होतो. आणखी उशीर झाला असता तर पुसायला मी उरलो नसतो, नाहीतर ती.

कल्याणला एसटीतून उतरून रिक्षाने उल्हासनगर गाठले. न कापलेला फोटो मी ट्रंकेच्या तळाशी, कागदाखाली जपून ठेवला होता. तो मोठा करून चौकटीत बसवायचा होता. उल्हासनगरात मिळत नाही अशी वस्तू नाही आणि एखादी नसली तर ते संध्याकाळपर्यंत बनवून देतात. फ्रेमच्या दुकानाचा सिंधी मालक माझ्याच वयाचा निघाला. त्याने फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला तशी आम्हा दोघांचीही मान पुढे झाली.

"साईं, ये टोप में बैठा है, वो तुम्ही काय?"

"हो."

"रडतोय."

मी चष्मा पुसला. खरेच रडत होतो. मूळ फोटो हाताच्या पंजाएवढा, त्यात ते कधी दिसलेच नव्हते.

"बोलो तो मिटवून देतो," तो म्हणाला. "पाच मिनिट का काम. थोडा स्माइल पण देतो."

"नको," सुमन म्हणाली. "आहे ते राहू दे. मोठं कर अजून."

फ्रेम त्याने सोनेरी लावली. साधी सांगितली होती, पण "लेडीज इतनी मेहनत कर रही है, उसको सादी फ्रेम?" असे म्हणत त्याने खिळे ठोकायलाही घेतले. तोवर समोरच्या गाडीवर आम्ही दाल-पकवान (पातळ डाळ आणि सोबत मोठी कुरकुरीत पुरी) खाल्ले. सुमनने दोनदा डाळ मागून घेतली. माझी पुरी दातांना दाद देईना, म्हणून ती डाळीत बुडवून खाल्ली. पराक्रमी माणसाचे हे असे.

अंबरनाथचा संग्रह आता एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. जिन्यात मी मनाशी भाषण जुळवत होतो: माझी तसबीर दारासमोरच असेल, शाळेची मुले रांगेने पाहत असतील, मी पुढे होऊन सत्य सांगेन आणि सगळे स्तब्ध होतील. आत कुणीच नव्हते. भिंतींवर बराकींसमोर उभी निर्वासित कुटुंबे, देवळाच्या पायरीवरचे पगडीवाले, कारखान्याच्या भोंग्याखाली जमलेले कामगार. काचेखाली दिवे, वजने, मापे, एक मोडका ग्रामोफोन. माझा फोटो कुठे दिसेना. शेवटी तो पाण्याच्या कूलरमागे सापडला. त्याखाली टोप होता आणि टोपात कुणीतरी जुनी छत्री ठेवली होती.

"एवढ्यासाठी तुम्हाला झोप येत नव्हती?" सुमनने विचारले.

संग्रह सांभाळणाऱ्या कदमबाई जेवणाचा डबा बंद करून आल्या. मी त्यांना सगळे सांगितले. भाषण कुठल्या कुठे गेले, मी आपला अडखळत बोललो. त्यांनी छत्री काढली आणि आम्ही तिघांनी मिळून टोप फिरवला. भिंतीकडच्या बाजूला, काठाखाली, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले होते: 'समस्त वाडीकर'. देताना मी स्वतः ती बाजू भिंतीला लावली होती.

"हे मी वाचलंय, काका," कदमबाई म्हणाल्या. "मला वाटलं, वाडीकर तुमचं आडनाव."

फोटोखालच्या कार्डावर माझे आडनाव स्वच्छ लिहिलेले होते, पण मी ते दाखवले नाही.

"मग आता कसं?" मी म्हणालो. "मी दिलेली वस्तू मला परत मागता येईल का?"

"तुमची नव्हती, तर तुम्ही दिलीच नाही." त्यांनी जरा विचार केला. "समितीला मी कळवते. तोवर टोप उसना न्या. मात्र परत आणायचा की नाही ते वाडी ठरवेल. तुमच्या शब्दावर मी सोडत नाहीये, राग मानू नका."

राग कसला मानणार? त्यांनी टोप टेम्पोत चढवायला दोन माणसेही दिली. टोप आतून हिरवा पडला होता, म्हणून आधी कल्हई करून घेतली. त्यासाठी सुमनच्या भावाकडे कल्याणला मुक्काम पडला. त्याच्याकडे दोन वेळा मासे झाले आणि रोज एकदा माझ्या शौर्याची चौकशी झाली.

मग बदलापूर. मांजर्लीत माझी खोली शोधून सापडली नाही. गोठ्याच्या जागी बिल्डिंग होती. रखवालदाराला विचारले, "इथे पाणी येतं का हो अजून?" तो म्हणाला, "जोराचा पाऊस झाला की येतं ना. खालच्या गाड्या आधी वर काढतो." नदी तेवढी ओळखीची निघाली.

खरवईच्या आजूबाजूलाही टॉवर उठले आहेत. त्यांच्या सावलीत ती वाडी अजून आहे. यमुनाबाई ओट्यावर वाल सोलत बसली होती. वाळून अर्धी झालेली, पण हात तेच, रुंद. तिने टेम्पोकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आलास?" ती म्हणाली. "मना वाटला, मेलास."

मी पाया पडायला वाकलो. तिने पाय मागे घेतले. मग मी फोटो दाखवला, अंबरनाथला फोटोखाली लावायच्या नव्या पाटीचा मजकूर वाचून दाखवला आणि सही करून देतो म्हणालो.

"कागद कोण वाचतो? त्या पारावरच्यांना सांग. मोठ्यानं. ते बहिरं हायेत."

ओट्यासमोरच्या पारावर चार-पाच म्हातारे होते. टोप टेम्पोतून उतरवून त्यांच्यापुढे ठेवला. मी सांगितले. टोप हिने गिळला नव्हता, मी नेला होता. एकाने टोपाभोवती फेरी मारली, कोरलेले नाव बोटाने चाचपले आणि मान हलवली.

"नाव आपलाच हाय. पन त्यात हा बाप्या बसला, वर दोन पोरं, आन हिनं ढकलला? उगाच काय पन."

"फोटो आहे ना," मी म्हणालो.

"फोटोत आजकाल कायपन करतात."

यमुनाबाईने वालाची टोपली बाजूला ठेवली. "बस त्याच्यात," ती मला म्हणाली.

"आता?"

"तेव्हा सांगायला लागला नव्हता."

मी सुमनकडे पाहिले. तिने माझी चप्पल आणि चष्मा हातात घेतला. मी टोपात बसलो. बसलो म्हणजे घसरलो. गुडघे हनुवटीला लागले. यमुनाबाईचा धाकटा मुलगा, टोपातल्या त्या दोघांपैकी एक आणि आता टक्कल पडलेला, हसत येऊन काठाला टेकला आणि म्हणाला, "मी हितं व्हतो, यांच्या मांडीवर. हे माझ्याहून मोठ्यानं रडत व्हते." नाव चाचपणारा म्हातारा फोटो घेऊन आला. त्याने एकदा फोटोत पाहिले, एकदा टोपात पाहिले.

"तोच हाय," तो म्हणाला. "तोंड तसाच केलाय."

यमुनाबाईने दोन्ही हात काठावर ठेवले आणि टोप मातीवरून वीतभर पुढे सरकवला. मग त्याच म्हाताऱ्याने आपली टोपी काढून पुन्हा डोक्यावर घातली आणि म्हणाला, "यमुने, रविवारी नातवाची हळद हाय माझ्याकडं. भात तुझ्या हातचा. भांडी गावकीच्या खोलीतली घे, लागतील ती."

तिने पदराने नाक पुसले आणि पुन्हा वाल सोलायला बसली. मी अजून टोपातच होतो. गुडघे सुटेनात. अखेर धाकट्याने बगलेत हात घातले, सुमनने पुढून ओढले आणि यमुनाबाई उठून मागून रेटायला आली.

"तवापन असाच जड व्हता," ती म्हणाली.

रविवारपर्यंत आम्ही थांबलो. हळदीच्या मांडवात सुमनने शाल पुढे केली. यमुनाबाईने ती उलटीपालटी करून पाहिली, जरीवर बोट फिरवले. "उन्हाळ्यात काय करू हिचा?" तिने विचारले. इतक्यात भात शिजला. टोप चुलीवरून उतरवायला जाड फडका कुणाला सापडेना. तिने शालीची चौपदरी घडी केली, अर्धी पोराच्या हातात दिली, अर्धी स्वतः धरली आणि दोघांनी मिळून टोप खाली घेतला.

नाशिकच्या गाडीत सुमन खिडकीशी बसली होती. "काजळी निघायची नाही हो त्या शालीची," ती म्हणाली. मी म्हणालो, राहू दे. टोप वाडीनेच ठेवून घेतला. फोटो आम्ही वाटेत कदमबाईंकडे देऊन आलो होतो. कूलरमागे आता फक्त सोनेरी चौकटीतला फोटो आहे. त्यात यमुनाबाई पुढे बघते आहे आणि मी तोंड वासून रडतो आहे. कधी अंबरनाथला गेलात तर पाहा. मात्र त्याआधी कूलर जरा सरकवावा लागेल.